कवळीतले किडे

टोपातल्या पाण्यावर पांढरा किडा तरंगला आणि अख्ख्या खोलीने तोंडात बोटं घातली. दाढदुखीमुळे ज्यांना सकाळपासून घास घेता आला नव्हता, तेही आ वासून बघत होते. बंद पडलेल्या टायपिंग क्लासची ती खोली. बाकं खच्चून भरलेली, उरलेले लोक दारात, जिन्यावर, खाली फुटपाथपर्यंत, आणि प्रत्येकाचा एक हात गालावर. मधोमध स्टुलावर बसला होता कीडवाला. त्याचं खरं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याचं सामान मोजकंच होतं. पाणी भरलेला पसरट टोप, त्यात उभी वीट, विटेवर लालभडक तापवलेला लोखंडाचा तुकडा. दुखणेकऱ्याने टोपावर वाकून तोंड उघडायचं आणि डोक्यावरून चादर घ्यायची. कीडवाला चादरीखाली हात घालून लोखंडावर चिमूटभर ‘औषध’ टाकायचा. धूर व्हायचा, लाळ गळायची, आणि चादर काढली की पाण्यात पाच-सहा बारीक किडे. तोंडाचा पट्टा अखंड चालू. सुई नाही, चिमटा नाही, रक्ताचा थेंब नाही, सात पिढ्यांची विद्या आहे, किड्याला धूर सोसत नाही, तो आपल्या पायांनी बाहेर येतो. किड्यांना पाय कुठे आहेत, हे कुणी बघितलं नाही.

मी दात बनवते. दाताच्या डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेतात आणि मी मागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करते. गेल्या दोन वर्षांत माझ्या टेबलावर ज्यांचे साचे आले, त्यांतल्या एकोणीस जणांनी आधी या खोलीत किडे काढून घेतले होते. माझ्या कामाच्या दृष्टीने मी कीडवाल्याचे आभारच मानायला हवेत. पण त्या दिवशी रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी सहा वर्षांची भाची होती. भाचीचा उजवा गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता.

आदल्या दिवशी मीच तिला डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. दाढेच्या मुळाशी पू झालाय, उद्याच्या उद्या काढायला हवा, तो वर डोळ्याकडे सरकला तर जिवावर बेतेल, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. धाकटीने मान डोलावली आणि सकाळी पोरीला घेऊन इथे आली. लहानपणी कुणीतरी तिची दाढ न बधिरवता उपटली होती, तेव्हापासून दाताच्या डॉक्टरांचं नाव काढलं तरी ती विषय बदलते. फोनवर मी चिडले, तर म्हणाली, "तिथे दुखतं. इथे दुखत नाही. तू कवळ्या करतेस, म्हणून तुला सगळ्यांच्या तोंडात वाईटच दिसतं."

मी फोन आपटला. माझे सासरे, म्हणजे बाबा, खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, अजून भिंग खिशात असतं. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "सूनबाई, चल. माझी दाढ फार दुखतेय."

बाबांच्या तोंडात गेली अकरा वर्षं त्यांचा स्वतःचा एकही दात नाही.

म्हातारा माणूस कण्हतोय म्हणून लोकांनी त्यांना पुढे सोडलं. कीडवाल्याने तोंडात बॅटरी मारली आणि डाव्या बाजूची शेवटची दाढ आतून पोखरलीय, असं जाहीर केलं. मला हसावं की रडावं कळेना. ती दाढ मी बसवली होती. बाबांचा तरुणपणीचा फोटो समोर ठेवून पुढचा एक दात मुद्दाम जरा तिरका केला होता, कवळी ओळखू येऊ नये म्हणून. चादर पडली, धूर झाला, चादर उठली. पाण्यात नऊ किडे होते.

"सगळे निघाले?" बाबांनी विचारलं.

"सगळे. आता दाढ शंभर वर्षं टिकेल."

बाबांनी वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवल्या. मग बोळक्या तोंडाने, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "टिकेलच. प्लास्टिकची आहे. माझ्या सुनेने केलीय."

दारातली एक बाई फस्सकन हसली आणि गाल धरून गप्प झाली. कीडवाला गडबडला, पण क्षणभरच. किडे हिरड्यांत होते, तो म्हणाला, आणि दोघा-चौघांनी माना हलवल्यासुद्धा. माझं डोकं सणकलं. मी त्याच्या पुडीतली चिमूट उचलली आणि लोखंडावर टाकली. वर ना तोंड, ना चादर.

बिया तडतडल्या. फुटलेल्या सालीतून पांढरे धागे उडाले आणि टपटप पाण्यात पडले. मी लोकांना जवळ येऊन मोजायला लावलं. अकरा भरले.

"हे कुणाच्या दाढेतले?" मी विचारलं.

बाबांनी भिंग काढून एकेकाच्या हातात दिलं. किड्याला तोंड नव्हतं, शेपूट नव्हतं, हालचाल नव्हती. पुडीतलं औषध म्हणजे खुरासानी ओव्याचं बी होतं. नाव ओव्याचं असलं तरी झाड विषारी. बियात वेटोळं करून बसलेला कोंब उष्णतेने बाहेर फेकला जातो, त्यालाच हा माणूस किडा म्हणत होता. चादर होती ती तडतड झाकायला. एकाने कुरकुर केली की काही असो, दुखणं थांबत होतं. थांबत होतंच, कारण त्या धुराने थोडा वेळ गुंगी आणि बधिरपणा येतो. दात मात्र खाली सडतच राहतो.

धाकटी पुढे आली. तिने स्वतः चिमूटभर बी लोखंडावर टाकलं आणि पाण्यात पडणारे धागे बघत राहिली. मग पोरीला कडेवर घेतलं. पोरीने विचारलं, डॉक्टरीणबाई दुखवतील का. धाकटी म्हणाली, "थोडं दुखेल. मी तुझा हात धरून बसेन."

ती धरून बसली. इंजेक्शन देऊन दाढ काढली, पू निघाला, डोळा वाचला. बाकीच्या दाढा अजून वाचवता येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कारणही सापडलं: पोरगी रडू नये म्हणून झोपताना तिला रोज बिस्किट दिलं जात होतं.

दातात किडा नसतो. असतात डोळ्यांना न दिसणारे जंतू. दातांना चिकटलेलं गोडधोड, पिठूळ ते खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दात विरघळवतं. दिवसभर येता-जाता गोड चघळलं की हे काम दिवसभर चालतं. म्हणून गोड खायचं ते जेवणाबरोबर, झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. वर्षातून एकदा, दुखत नसतानाच, दात दाखवायचे. यात सात पिढ्यांचं काही नाही.

कीडवाल्याने त्या दिवशी गाशा गुंडाळला, पण तो दुसरीकडे बसेल. बसला तर आम्ही तिथे जाऊ. बाबा कवळी घासून तयार आहेत. आणि तुमच्यापैकी कुणी मला विचारेल की लोक शहाणे झाले तर तुझं काय, तर ऐका. माझं टेबल रिकामं राहू दे. मी दुसरं काम शिकेन.