तिकिटामागची पट्टी

आत्या माझ्या टेबलासमोर बसली आणि पर्समधून औषधाची रिकामी डबी काढली. डबीत कापूस, कापसात ते तिकीट. त्याच्यापायी ती एकोणीस वर्षं माझ्या बाबांशी, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाशी, बोलत नव्हती.

"खरं की खोटं, तेवढं सांग," ती म्हणाली. "गोड बोलू नकोस."

जुनी टपाल तिकिटं तपासणं हा माझा धंदा. लोक कुठून कुठून तिकिटं पाठवतात, आणि घरची बाई मात्र 'तू त्याचीच मुलगी' म्हणून इतकी वर्षं फिरकली नाही. मला त्याचा राग होता आणि तो मी लपवलाही नाही.

"आज बरी आठवण झाली?"

"मागच्या महिन्यात दादाच्या वहीतली तीन तिकिटं तू खोटी ठरवलीस म्हणे. बापाला सोडत नाहीस, ती मला काय सोडणार!"

याला कौतुक म्हणायचं की काय, कळेना.

भांडण साधंच होतं. माझे आजोबा, आत्या त्यांना अण्णा म्हणायची, ते गेल्यावर तिकिटांच्या वह्या बाबांकडे आल्या आणि हे एक तिकीट आत्याकडे. लहानपणी ती रोज संध्याकाळी अण्णांच्या मांडीवर चढून "निळा राजा दाखवा" म्हणायची, म्हणून. वाटणीआधी यादी करायला बाबांनी सगळं आठवडाभर स्वतःकडे ठेवलं. पुढे आत्याने तिकीट एका व्यापाऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, नकली. अण्णांकडे नकली कसं असेल? म्हणजे त्या आठवड्यात दादाने बदललं. बाबा एवढंच म्हणाले, "मी बदललं नाही." आमटीत मीठ कमी पडलं तरी तासभर बोलणारा माणूस, पण यावर पुढे एक अक्षर नाही.

तिकिटावर राजाचा चेहरा. राजा गेला, नवं सरकार आलं, आणि नवी तिकिटं छापून येईपर्यंत जुन्यांवरच काळ्या शाईत 'हंगामी' असा आडवा शब्द छापून ती चालवली. याला आमच्या धंद्यात ओव्हरप्रिंट म्हणतात. नुसता निळा राजा शाळेतल्या पोरांच्या वहीतही सापडतो, 'हंगामी' राजा क्वचितच. त्यामुळे लबाडांचा आवडता उद्योग म्हणजे साधं तिकीट घ्यायचं आणि वर तो शब्द घरीच छापायचा.

मी तिकीट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. अक्षरं चांगली होती, जरा जास्तच चांगली. आता मला मजा वाटायला लागली. कोपऱ्यात टपाल कचेरीचा गोल शिक्का होता आणि त्याची कड 'हंगामी'तल्या 'मी'च्या वेलांटीला छेदत होती. सगळा निकाल त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. ओव्हरप्रिंट आधी होतो, मग तिकीट विकलं जातं, मग पत्रावर शिक्का बसतो. म्हणजे शिक्का वर हवा. मी दिवा आडवा धरला, तिकीट फिरवलं, पुन्हा फिरवलं. शिक्का खाली होता.

"खोटं," मी म्हणाले. "शिक्का बसल्यानंतर शब्द छापलाय."

आत्याने मान हलवली. "म्हणजे बदललंच त्याने."

खोटं म्हणजे खोटं, पण ते खोटं कधीपासूनचं, हे कसं सांगणार? मी तिकीट उलटं केलं. मागे वहीत अडकवायची गोंदाची कागदी पट्टी होती, एक कोपरा तिरका कापलेली. आजोबा पट्ट्या घरीच कापायचे, नेमक्या अशाच.

"ही पट्टी अण्णांची आहे," मी म्हणाले.

"एकाची काढून दुसऱ्याला लावली असेल. तुम्हा लोकांच्या हातांत काय कमी सफाई आहे?"

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात माझा मलाच मूर्खपणा कळला. पट्टी नंतर चिकटवलेली असेल तर तिच्याखालचा गोंद ते सांगेल, पण जुन्या तिकिटाची पट्टी आमच्यात कुणी काढत नाही. पाठ खराब झाली की किंमत उतरते, म्हणून मीही सवयीने हात आखडला होता. पण या तिकिटाची किंमत आता आणखी उतरणार कुठे?

ओल्या स्पंजाच्या डब्यात तिकीट ठेवून मी झाकण लावलं. तासाभरात आत्याने दोन कप चहा घेतला, माझ्या फडताळावरची धूळ पुसली आणि "काय गं हा उकिरडा" असं तीनदा म्हणाली. मी पाचव्यांदा झाकण उघडलं तेव्हा पट्टी अलगद सुटली. खाली पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत, काहीतरी लिहिलेलं. मी भिंग आत्याच्या हातात दिलं.

"अण्णांचं अक्षर," ती पुटपुटली. मग तिने वाचलं. "खोटं आहे. छोटीला फार आवडतं. तिला सांगायचं नाही."

छोटी म्हणजे आत्या.

तिने भिंग टेबलावर ठेवलं. "फोन लाव त्याला," ती म्हणाली. मी लावला आणि स्पीकर चालू करून तिच्यासमोर ठेवला.

"दादा," आत्या म्हणाली, "ते तिकीट आधीपासूनच खोटं होतं. तुला ठाऊक होतं?"

पलीकडे टीव्ही बंद झाला. "हो. अण्णांनीच सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीस? मी तुला चोर म्हटलं रे!"

"अण्णा जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी फसवलं असं वाटून त्यांच्यावर रुसली असतीस. तो रुसवा काढायला ते कुठून येणार? माझ्यावर रुसलीस, तर समजूत काढायला मी होतो."

"मग काढलीस का, गाढवा? एकोणीस वर्षं!" आत्या ओरडत होती आणि रडतही होती.

"राहून गेलं गं छोटे," बाबा म्हणाले.