सतरा नंबरची खुर्ची

माझा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा. म्हणजे मी छापखान्यात मुद्रितं तपासते. तीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घ बघून माझी नजर अशी झाली आहे की लग्नपत्रिकेत मला आधी वेलांटी दिसते आणि मग नवरा-नवरी. त्यामुळे भाऊबंद मंडळाने शताब्दीसाठी आपला इतिहास लिहायला मला बोलावलं, याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या अटीचं. मंडळाच्या सभागृहात बायकांना बंदी, म्हणून त्या सभागृहाचा इतिहास मी बाहेरच्या खोलीत, छत्र्यांच्या स्टँडशेजारी बसून लिहायचा होता.

मंडळ तसं भल्या माणसांचं. शंभर वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी गावात आलेल्या आणि जवळ नात्यागोत्याचं कुणी नसलेल्या अकरा जणांनी ते काढलं. एकाला ताप आला तर दुसऱ्याने उशाशी बसायचं, एकाचं घर हलायचं असेल तर बाकीच्यांनी कपाटं उचलायची. आता सोळा गावांत शाखा आहेत. अध्यक्षाला थोरले भाऊ म्हणतात, दार राखणाऱ्याला दारभाऊ. दर रविवारी सकाळी सभा असते. सभासद दारावर तीन टकटक करतो, आतून दारभाऊ विचारतो, "कोण आहे?" आणि बाहेरचा छाती फुगवून म्हणतो, "भाऊ!" मग दार उघडतं. दाराला काच आहे आणि आतून सगळं स्वच्छ दिसतं, पण विचारायचं म्हणजे विचारायचं.

गावं सोळा आणि भांडणं सतरा. एक शाखा खांद्यावरच्या पट्ट्याच्या रंगावरून फुटली, दुसरी अध्यक्षाच्या हातोड्यावरून. एका गावात तर समोरासमोर दोन शाखा आहेत आणि दोघीही स्वतःला मूळ म्हणवतात. नावातच भाऊबंद म्हटल्यावर भाऊबंदकी चुकते कुठे!

माझे बाबा या मंडळात चौतीस वर्षं सतरा नंबरच्या खुर्चीवर बसले. पोस्टात टपाल निवडायचं काम, अंगात रविवारचा एकच कोट. गेल्या वर्षी ते गेले. नियम असा की सभासद गेला की खुर्ची त्याच्या भावाला, भाऊ नसेल तर मुलाला. बाबांना भाऊ नव्हता, मुलगा नव्हता. होतो आम्ही दोघीच, मी आणि आत्या. तेव्हा शताब्दीच्या रविवारी सतरा नंबर एका नव्या वायरमनला मिळणार होता.

आता आत्याविषयी. आत्या गाद्या-खुर्च्या शिवते. वय एक्याऐंशी, पण अजून तोंडात चार खिळे धरून बोलते आणि सगळं कळतं. मंडळाच्या चाळीसही खुर्च्यांच्या गाद्या तिच्याच हातच्या. फक्त गाद्या हं. खुर्ची सभागृहाबाहेर न्यायची नाही आणि बाईने आत जायचं नाही, म्हणून दारभाऊ गाद्या काढून बाहेर द्यायचा आणि ही शिवून परत पाठवायची. इतक्या वर्षांत तिने स्वतःची गादी खुर्चीवर चढलेली कधी पाहिली नव्हती.

आणि इथेच भांडणाचं मूळ होतं. दर रविवारी बाबा सभेहून आले की कोट काढायच्या आत म्हणायचे, "तुझी गादी डावीकडे कलते."

"माझी गादी ओळंब्यात आहे," आत्या म्हणायची. "तूच तिरका."

"चौतीस वर्षं बसतोय मी त्यावर."

"म्हणून तर तिरका झालास."

चार वेळा तिने ती गादी उसवून शिवली, चारही वेळा बाबा कललेच. शेवटच्या आजारपणात पलंगावर पडल्या पडल्यासुद्धा त्यांनी पुटपुटून तेच सांगितलं आणि आत्याने तेच उत्तर दिलं. त्यानंतर दोन दिवसांनी बाबा गेले. वाद अर्ध्यावर राहिला.

वायरमनची बातमी कळली तेव्हा आत्याने तोंडातले खिळे हातावर काढले. ती असं क्वचित करते.

"मला एकदा त्या खुर्चीवर बसायचंय," ती म्हणाली. "गादी खरंच कलत असेल तर मी माझ्या भावाला चौतीस वर्षं खोटं पाडलं. ते मला कळल्याशिवाय मी मरणार नाही. आणि तो वायरमन एकदा बसला की संपलं."

मी थोरल्या भाऊंकडे गेले. हे घड्याळं दुरुस्त करतात आणि माणसंही घड्याळासारखीच चालावीत अशी त्यांची अपेक्षा असते. डोळ्यातलं भिंग न काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "आज आत्याबाईंना पाच मिनिटं बसू दिलं तर उद्या काय? आणि इतिहासाचं कुठवर आलं? एक लक्षात ठेवा. मूळ वहीत असेल तस्संच छापायचं. काना, मात्रा, वेलांटी, काही बदलायचं नाही."

"मूळ वही?"

"तिजोरीत आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत कुणी उघडली नाही. सगळे छापील नियमावलीच वापरतात."

मला संताप आला होता, पण वही मी घेतली. छत्र्यांशेजारी बसून उघडली. अक्षर बोरूचं, फर्राटेदार. पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. छापील नियमावलीत होतं, "सभागृहात फक्त भाऊबंदांनाच प्रवेश." वहीत होतं, "सभागृहात फक्त भावंडांनाच प्रवेश."

काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. नियमावलीची अक्षरं जुळवणारा जुळारी माझ्याच जातीचा प्राणी, घाईत असणार. 'व'च्या पोटात शाईचा ठिपका, तो त्याला 'ब' वाटला. 'ड'चा 'द' वाटला. झालं 'भाबंद'. असा शब्द नसतो, म्हणून त्याने शहाणपणा करून मध्ये 'ऊ' घातला. एका ठिपक्याने निम्मी भावंडं दाराबाहेर!

पुढे दुसरा नियम: "सभासद गेल्यास त्याची खुर्ची त्याच्या भावंडाकडे जाईल." आणि त्याखाली अकरा सह्या. आता सभागृहात संस्थापकांचा जो फोटो आहे त्यात माणसं दहाच. अकरावा भाऊ फोटो काढत होता, असं मंडळात पिढ्यान्पिढ्या सांगतात, आणि त्या नम्र भावाच्या नावाने दरवर्षी भाषणही होतं. अकरावी सही होती सुईणबाईंची. समासात टीप होती, "बाळंतपण निघाल्याने फोटोस गैरहजर."

मी इतकी मोठ्याने हसले की दारभाऊ काचेतून बघायला लागला.

थोरल्या भाऊंनी वही भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. घड्याळातलं केसाएवढं चाक ओळखणारा माणूस, त्याला 'व' आणि 'ब' कळणार नाहीत?

"हा ठिपका शाईचा आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"काना, मात्रा, वेलांटी, काही बदलायचं नाही म्हणालात."

त्यांनी भिंग काढलं. त्यांचा चेहरा पाच मिनिटं मागे पडलेल्या घड्याळासारखा झाला होता. पण माणूस शब्दाचा पक्का. "मग वहीत आहे तसंच," ते म्हणाले. "वायरमनला एकवीस नंबर देऊ. तिथे खिडकीचं ऊन येतं, पण येऊ दे."

रविवारी आत्या नव्या वहाणा घालून आली. सोळा गावांची माणसं जमली होती, पट्टे लावून, रांगेत. दारापाशी ती थांबली आणि तीन टकटक केली.

दारभाऊ हा धंद्याने सुतार, आत्याहून वीस वर्षांनी लहान. काचेतून त्याला ती दिसत होती, तरी त्याने घसा खाकरून विचारलं, "कोण आहे?"

'भाऊ' तर ती म्हणू शकत नव्हती आणि दुसरा शब्द कुणी ठरवायचा राहूनच गेला होता. थोरले भाऊ माझ्याकडे बघायला लागले, मी वहीकडे.

"अरे, मी आहे," आत्या म्हणाली. "उघड."

आणि त्याने उघडलं. शंभर वर्षांत इतकं सरळ उत्तर त्या दाराने ऐकलं नसेल.

आत्या खुर्च्यांच्या मधून चालत गेली, जाता जाता आपल्याच गाद्या चाचपत. सतरा नंबरपाशी तिने पितळी आकड्यावरून बोट फिरवलं. मग बसली. आणि सगळ्यांच्या देखत हळूच डावीकडे कलली.

ती उजवीकडे सरकली. पुन्हा कलली. मग तिने वाकून खाली पाहिलं.

"पाय आखूड आहे," ती म्हणाली. "गादी नाही. खुर्चीचा पाय." आणि मग बारीक आवाजात, "दादा, खरं बोलत होतास रे."

दाराशी उभ्या उभ्या मला रडू आवरेना. दारभाऊ पुढे आला आणि आत्यासमोर टोपी चुरगाळत उभा राहिला.

"आत्याबाई, मला माहीत होतं," तो म्हणाला. "सुतार आहे मी. पाय बसवून देतो म्हणून त्यांना दहा वेळा म्हटलं. दर वेळी म्हणाले, हात लावू नकोस. बहीण दिवसभर खिळे तोंडात धरून बसते, कामाशिवाय कुणाशी बोलत नाही. रविवारी घरी जाऊन तिच्याशी भांडायला काहीतरी नको का?"

आत्याने रुमाल काढून डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि तो घडी करून ठेवला.

"आता बसवू का पाय?" दारभाऊने विचारलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

आत्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

"हात लावशील तर खबरदार," ती म्हणाली, आणि डावीकडे कलून बसली.