बाटलीतला शेवटचा थेंब

दर शुक्रवारी दुपारी ओदेतकडे ठरलेला बेत: भाजलेल्या तारल्या, उकडलेले बटाटे, खारं लोणी आणि विहिरीच्या पाण्यात गार केलेली मस्कादे. तीन युरोंची पांढरी वाइन ती, पण तारलीबरोबर अशी काही जमते की विचारू नका! महागड्या बाटल्या मिरवणाऱ्यांनी खुशाल मिरवाव्यात. पाहुणाही ठरलेला, शेजारचा माथ्युरँ, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. ती विधवा, तो विधुर. एकट्यानं बाटली संपत नाही, उघडून ठेवली की बिघडते, म्हणून दोघांत एक. निदान गावाला सांगायचं कारण तेवढंच होतं.

तरी दोन वर्षांत बाटली कधी संपली नाही. बोटभर उरली की ओदेत बूच लावायची. "उद्याच्या रश्श्याला," म्हणायची. खरं कारण वेगळंच. बाटलीतला शेवटचा थेंब ज्याच्या पेल्यात पडेल त्याचं वर्षाच्या आत लग्न, नाहीतर फाशी, असं तिकडे फ्रान्सात म्हणतात. थट्टाच ती, पण सहासष्टाव्या वर्षी थट्टेचीही भीती वाटते हो.

आज जेवता जेवता माथ्युरँ म्हणाला, "बहीण ब्रेस्तला बोलावतेय. कायमचं. संध्याकाळी फोन करून सांगायचंय."

"मग काय ठरवलंत?"

"इथं मला अडवणारं कोण आहे?" म्हणत तो तारलीचे काटे काढत बसला.

ओदेतनं काटा बटाट्यात खुपसला. मेला, दोन वर्षं माझ्या हातचं खातोय आणि विचारतोय कोण आहे! रागही आला, रडूही आलं. तोंडातून मात्र "लोणी घ्या" एवढंच निघालं.

ताट पुसून तो उठला. "लावा बूच. रश्श्याला ठेवा."

"बसा खाली!"

तो मुकाट बसला. तिनं बाटली उचलली आणि त्याच्या पेल्यात सरळ उपडी केली.

"अहो, रश्श्याला?"

"मरू दे तो रस्सा!"

तिनं बाटलीच्या बुडावर दोन थापा मारल्या. शेवटचा थेंब तोंडाशी लोंबकळला आणि पडला.

माथ्युरँचे कान लालबुंद झाले. "ओदेतबाई, या वयात मला मुलगी कोण देणार? म्हणजे फाशीच की."

"माझ्या घरात दोरी नाही," ओदेत म्हणाली.

त्यानं पेला एका घोटात रिकामा केला, थेंबासकट.

"तुमचा फोन कुठंय?" तो म्हणाला. "बहिणीला सांगायला संध्याकाळपर्यंत कशाला थांबू?"