पाहुण्यांचा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. निळ्या काठाचा, सोनेरी कानाचा. भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही सहा भावंडे होतो. या घरातल्या आईने आम्हाला हौसेने आणले आणि सगळ्यांना बजावले, "हे पाहुण्यांसाठी हं. रोजच्याला हात लावायचा नाही." तेव्हापासून माझे नाक जरा वरच असते.

पुढे हे कुटुंब शहरापासून लांब, नव्या वसाहतीत राहायला गेले. चिमणीला, म्हणजे घरातल्या धाकट्या मुलीला, अंगण मिळाले आणि मला काचेचे कपाट. बाबा रोज मोटारीने शहरातल्या छापखान्यात जात. संध्याकाळी फाटक वाजले की चिमणी "अरे बाबा" अशी हाक मारत त्यांच्याकडे धाव घेई. बाबा कान तुटलेल्या मगातून चहा पीत. त्या मगाला मी खिजगणतीतही धरत नसे. सुटीला पाहुणे येत आणि माझे कौतुक करत.

मग पेट्रोल महागले आणि महागतच राहिले. आधी पाहुणे यायचे थांबले. समोरच्या घरांना कुलपे लागली. "सगळा पगार टाकीतच ओततोय मी," असे म्हणून बाबांनी मोटार विकली आणि छापखान्याजवळ एक खाट भाड्याने घेतली. शनिवारी कुणाच्या तरी गाडीत जागा मिळवून ते येत, रविवारी परत जात. तुटका मगही त्यांच्याबरोबर गेला. मी मात्र धूळ खात पाहुण्यांची वाट पाहत राहिलो.

एका शनिवारी कपाट उघडले. चिमणीने स्टुलावर चढून मला काढले, विसळले, फ्रॉकला पुसले. ट्रे, बशी, बिस्किटे! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेवटी पाहुणे आले तर!

मला उचलणारी बोटे पाहिली आणि मी हादरलो. नखांत शाई मुरलेली ती बोटे मी काचेतून कितीदा पाहिली होती.

"अगं, हा पाहुण्यांचा कप ना?" बाबांनी विचारले.

"हो, म्हणून तर काढला," चिमणी म्हणाली. "घ्या ना, संकोच करू नका."

ती चेष्टा करत नव्हती. आई पाहुण्यांना म्हणायची तेच ती मनापासून म्हणत होती. आई गाळणे हातात धरून दारातच थिजली. बाबांच्या हातून चहा बशीत सांडला. पोटात गरम चहा असून मी गार पडलो. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो पाहुणा कोण, तर घरचाच माणूस!

रविवारी बाबा निघाले. चिमणीने फाटकातून हात हलवला. "पुन्हा या हं," ती म्हणाली.

बाबा दोन पावले गेले आणि मागे फिरले. "अंगण नको आपल्याला," ते आईला म्हणाले.

"मी कालपासून तेच म्हणायचं म्हणतेय," आई म्हणाली.

आता आम्ही छापखान्यामागच्या दोन खोल्यांत राहतो. काचेचे कपाट इथे मावले नाही. मी ओट्यावर त्या तुटक्या मगाशेजारी असतो, आणि माझ्या काठाचा टवकाही उडाला आहे. मित्रांनो, आम्हा कपांना फार जपू नका. आम्ही फुटलो तर दुकानात आणखी मिळतील. जपायचे ते संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला.

काल घाईघाईत चिमणीने बाबांना माझ्यातच चहा दिला. माझ्या काळजात धस्स झाले.

"अरे बाबा, पी ना लवकर," ती म्हणाली, "गार होतोय."