सुगत पेंटरची अक्षरं

"काका, घेत न्हाई डिस्क," शिल्पा म्हणाली आणि तिने तिसऱ्यांदा केबल काढली.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सुगत सूर्यवंशी काउंटरच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला होता. सकाळच्या पहिल्या एसटीने तो उदगीरहून लातूरला आला होता. सीपीयू चादरीत बांधून सगळा रस्ता त्याने तो मांडीवर धरला होता. शेजारच्या माणसाने आत काय आहे असं विचारलं, तेव्हा "घरचं हाय" एवढंच तो बोलला.

शिल्पाने नवी हार्ड डिस्क तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. तिथे ती लगेच दिसली. परत सुगतच्या मशीनला लावली, तर काळ्या पडद्यावर जुन्या डिस्कचं नाव तेवढं आलं. नवीच्या जागी काहीच नाही.

"डिस्क चांगली हाय. तुमचं मशीन तिला ओळखून न्हाई राहिलं. दोन हजार सहाचं हाय हे, काका. नवीन कॉम्प्युटर घेऊन टाका की."

"नव्याला माझं कटर लागत न्हाई."

सुगतच्या दुकानात पाट्यांच्या अक्षरांसाठी रेडियमचा चिकट कागद कापायचं मशीन होतं. त्याची केबल जुन्या पद्धतीच्या रुंद पिनेची, आणि ते ज्या प्रोग्रामवर चालायचं तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. हे त्याने थोडक्यात सांगितलं. जुनी डिस्क आठ दिवसांपासून टकटक वाजत होती, तिसऱ्या-चौथ्या खेपेला कॉम्प्युटर चालू व्हायचा, हेही सांगितलं.

"मंग फायली मी पेन ड्राइव्हवर काढून देते."

"काढून कापू कशावर?"

समोरच्या टपरीवरून चहा आला. सुगतने पेला दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा चहा त्याच्या पँटवर सांडला. शिल्पाने ते पाहिलं. "ह्याच्यात हाय काय एवढं, काका?" तिने विचारलं.

"माझी अक्षरं हायेत," सुगत म्हणाला.

तो वयाच्या सतराव्या वर्षापासून पेंटर होता. उदगीरच्या मोंढ्यातल्या अडत दुकानांच्या पाट्या, डाळ मिलच्या भिंती, जयंतीच्या मिरवणुकीचे निळे फलक, ट्रकच्या मागची नावं, सगळं त्याने ब्रशने रंगवलं होतं. मग फ्लेक्स आले. बरोबरीचे दोघेतिघे पेंटर हैदराबादला कामाला गेले. सुगतने जुनं कटर आणि हा कॉम्प्युटर विकत घेतला. त्यातले तयार फॉन्ट त्याला आवडले नाहीत. तेव्हा त्याने ब्रशने एकेक अक्षर कागदावर काढलं, झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलं आणि माउसने त्याच्या कडा गिरवल्या. पंचेचाळिशीजवळ आलेला माणूस, त्याआधी कधी माउस धरलेला नाही. वर्ष गेलं त्यात. बायको विशाखा तेव्हा म्हणायची, "लोकायची लेकरं एका वर्षात बाराखडी शिकतेत, तुमी आत्ता शिकून राहिले."

आठ वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात हलायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कंप कमी झाला, गेला नाही. सुगतने ब्रश धुतले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. गावात फारसं कुणाला कळलं नाही, कारण पाट्या त्याच वळणाच्या निघत राहिल्या. मशीन कापायचं, तो चिकटवायचा.

यातलं शिल्पाला त्याने काही सांगितलं नाही. ती मात्र पेला ठेवून उठली.

"थांबा जरा. नांदेडला कामाला होते तवा असंच एक मशीन आलं होतं."

तिने आतून बंद पडलेल्या डिस्कचा डबा आणला. एका डिस्कच्या मागून चिमट्याने तांदळाएवढं काळं टोपण काढलं. नव्या डिस्कच्या मागे चार बारीक पिना होत्या. त्यातल्या दोन पिनांवर तिने ते बसवलं आणि मशीन चालू केलं. काही नाही. बंद करून दुसऱ्या दोन पिनांवर बसवलं. या वेळी पडद्यावर जुन्या डिस्कच्या खाली नव्या डिस्कचं नाव आलं.

"आलं की!" सुगत उभा राहिला. "काय केलं?"

"नवी डिस्क लई जोरात चालती. तुमच्या मशीनला तो वेग कळत न्हाई. हे टोपण घातलं की ती हळू चालती."

पण खरं काम पुढेच होतं. जुन्या डिस्कची टकटक आता दुकानाबाहेर ऐकू जात होती.

"ही किती वेळ चालंल सांगता येत न्हाई," शिल्पा म्हणाली. "आधी काय घेऊ? प्रोग्राम का अक्षरं?"

सुगत खाली बसला. 

"प्रोग्राम घ्या."

"नक्की ना, काका?"

"अक्षरं राहिली आन् प्रोग्राम गेला, तर नुसती बघत बसावी लागतील."

प्रोग्राम यायला दुपारचे दोन वाजले. मध्ये दोनदा डिस्क अडकली. शिल्पाने जुन्या डिस्कसमोर टेबलफॅन लावला आणि अक्षरं घ्यायला सुरुवात केली. अठ्ठावन्न फायली होत्या, क्रमाने आकडे दिलेल्या. आधी काने-मात्रे, मग स्वर, मग व्यंजनं. सुगत काउंटरच्या आत येऊन तिच्या मागे उभा राहिला. आकडा बदलला की तो ओठातल्या ओठात ते अक्षर म्हणत होता. क आला, ख आला. ट-वर्गात डिस्क बराच वेळ थांबली, मग पुढे सरकली. श, ष, स. ह आला, आणि आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज झाला.

त्यानंतर ती डिस्क फिरली नाही. तासभर गार होऊ दिली, उलटी करून लावली, तरी नाही.

"शेवटच्या तीन राहिल्या, काका," शिल्पा हळू आवाजात म्हणाली. "पुण्याला पाठवून बघता येईल. पण खात्री न्हाई देऊ शकत मी."

"नको. पंचावन्न आली."

"कोणती गेली?"

"ळ, क्ष अन् ज्ञ."

घरी पोचायला संध्याकाळ झाली. विशाखाने दारातच विचारलं, "झालं का चालू?"

"झालं."

"समदं आलं?"

"ळ न्हाई आला."

ती हसली. "एका ळवाचून काय अडतंय? हात-पाय धुवा. गोळी घेतली का..." आणि 'गोळी'तला ळ ऐकून ती तिथेच थांबली.

चौथ्या दिवशी उदगीरजवळच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडम दुकानात आल्या. शाळेच्या फाटकावर नवीन लोखंडी पाटी बसवायची होती.

"मजकूर एवढाच," त्या म्हणाल्या. "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. फ्लेक्स नको मला. तुमचीच अक्षरं पाहिजेत. पहिलीची लेकरं फाटकातून येताना ती बघतेत, त्यांना वळण कळलं पाहिजे."

"आठ दिवस लागतील मॅडम."

"एवढे?"

"एक अक्षर करायचं हाय."

त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली. ब्रशचे केस कडक झाले होते, ते त्याने रात्रभर तेलात बुडवून ठेवले. सकाळची गोळी घेतली की तासाभराने हात सगळ्यात शांत असायचा, ती वेळ त्याने धरली. कोपर टेबलावर रोवलं, मनगटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला. ळची उभी रेघ जमायची. दोन्ही गाठी जमत नव्हत्या. ब्रश वळणावर आला की हात उडायचा. पहिल्या दिवशी बावीस कागद झाले. विशाखा ते गोळा करून बाजूला ठेवत होती.

"रेडीमेडमधला एखादा लावून देता येईल की," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "कोण बगतंय?"

"लेकरं बगतेत म्हनल्या ना त्या."

पाचव्या दिवशी त्याने एक कागद निवडला आणि स्कॅन करून आणला. माउसने कडा गिरवल्या. प्रोग्राममध्ये कडा गुळगुळीत करायचं एक बटण होतं. त्याने ते दाबलं. ळ एकदम सरळ, साफ झाला, तयार फॉन्टमधल्यासारखा. सुगतने तो बदल मागे घेतला आणि ळ होता तसाच कापायला लावला.

पाटी बसवायला तो स्वतः गेला. दुपारची सुट्टी होती. जुनं फाटक काढलेलं होतं, नव्यावर रंग वाळला होता. त्याने पाटी बसवली आणि तिच्यावर एकेक अक्षर मोजून लावलं. मॅडम लांब उभ्या राहून वाचत होत्या. मग जवळ आल्या.

"दादा, हा ळ जरा वेगळा वाटून राहिला."

"हाव मॅडम," सुगत म्हणाला. "बाकीची अठरा वर्षांमागची हायेत. हा आत्ताचा हाय."

मॅडमनी पुन्हा पाटीकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"राहू द्या मग," त्या म्हणाल्या.

ळच्या दुसऱ्या गाठीखाली हवेचा एक बुडबुडा राहिला होता. सुगतने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि अंगठ्याने तो बुडबुडा कडेकडेने बाहेर काढला.