मला न कळलेलं बोट

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, आवाज थोडा बसला आहे आणि रात्रभर चार्जिंगला लावलं तरी मी दुपारपर्यंत जेमतेम तग धरतो. माझ्या पाठीवर एक चिकटपट्टी आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘संशोधनासाठी. कृपया हात लावू नये.’ हात लावल्याशिवाय ज्याचं पान हलत नाही, त्याच्याच पाठीवर हे लिहावं, याची मला तेव्हा फार गंमत वाटायची. आता वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या भावंडांच्या नशिबी खेळ आणि गाणी आली, मी मात्र ताईकडे आलो. ताई डॉक्टरेट करत होती. धडे कसे रचावेत आणि यंत्राच्या मदतीने ते कसे शिकवावेत, हा तिचा विषय. दिवसा ती नोकरी करायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मला घेऊन बसायची. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला मी. ‘आपली औषधं आपण घेऊ या’ हा धडा तिने जीव ओतून तयार केला. सकाळची गोळी कुठली, जेवणानंतरची कुठली, त्या चित्रावर बोट ठेवलं की मी शाबासकी द्यायचो. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर म्हणायचो, ‘चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ उत्तर न येणं म्हणजे चूक, हे ताईनेच ठरवलं होतं.

धडा म्हाताऱ्या माणसांसाठी होता आणि त्यातलं पहिलं माणूस घरातच होतं. ताईचे बाबा. बेकरीत भट्टीपुढे त्यांचा जन्म गेला. तापलेले ट्रे ओढून ओढून बोटांना घट्टे पडले होते. ताईची आई गेल्यापासून त्यांच्या गोळ्यांचा डबा ताई भरायची आणि ते त्यांच्या मनाला लागायचं. “पोरीला काय कमी व्याप आहेत? एकदा शिकलो की माझं मी बघेन,” असं ते म्हणायचे. चाचणीसाठी बेकरीतले जुने सोबती त्यांनीच गोळा केले. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, “माझ्या मुलीने केलाय हा धडा. आधी मी बसतो.”

चाचणीचा एक कडक नियम होता. शिकणारा अडला तरी बघणाऱ्याने मदत करायची नाही, मान हलवायची नाही, हसायचंसुद्धा नाही. नुसतं बघायचं आणि टिपून घ्यायचं.

बाबांनी सकाळच्या गोळीवर बोट ठेवलं. बरोबर ठेवलं होतं, मित्रांनो, अगदी बरोबर. पण कोरडं, घट्टे पडलेलं बोट माझ्या काचेला कळलंच नाही. मी म्हणालो, ‘चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ त्यांनी पुन्हा तिथेच ठेवलं. मी पुन्हा तेच म्हणालो, तेही तसल्याच उत्साही आवाजात. तेव्हा त्यांनी मान वर करून ताईकडे बघितलं. पण नियम आठवून ताईने नजर कागदाकडे वळवली. शेवटी गोंधळून बाबा भलत्याच गोळ्यांवर बोटं आपटू लागले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. “आमचं डोकं भट्टीतच करपलं, बाई,” असं म्हणत बाबाही हसले आणि उठले. पुढे सोबत्यांपैकी काहींना जमलं, काहींना नाही, त्यामुळे दोष माझ्या काचेत असेल, अशी कुणाला शंकाही आली नाही.

प्रबंधात बाबा ‘शिकणारा क्रमांक एक’ झाले. ताईने लिहिलं, ‘आत्मविश्वास कमी. चटकन हार मानतो.’ मार्गदर्शक बाईंनी त्या प्रकरणाचं तोंडभरून कौतुक केलं. इकडे बाबांनी गोळ्यांचा डबा ताईपुढे सरकवला. “तूच दे गं. मला नाही जमायचं.” लिफ्टचं बटणसुद्धा ते दुसऱ्याला दाबायला सांगू लागले. मी कपाटात, जुन्या वायरींच्या गुंत्यात धूळ खात पडलो.

तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा ताईला धड्यातली चित्रं हवी होती म्हणून तिने मला बाहेर काढलं. भाजी चिरताना बोट कापल्यामुळे तिने त्याला पट्टी लावली होती. घाईघाईत तेच बोट तिने सकाळच्या गोळीवर ठेवलं. ‘चुकलं,’ मी म्हणालो.

“चुकलं काय? बरोबर तर आहे!” ती माझ्यावर खेकसली आणि पुन्हा दाबलं.

‘चुकलं.’

तिने बोटावरच्या पट्टीकडे बघितलं. मग दारातून दिसणाऱ्या बाबांकडे. ते वर्तमानपत्राचं पान उलटायला बघत होते आणि त्यांच्या कोरड्या बोटांतून ते पुन्हा पुन्हा निसटत होतं. ताईने दुसरं बोट त्याच चित्रावर ठेवलं, तर मी लगेच शाबासकी दिली. मग मला घेऊन त्यांच्यापुढे गेली.

“बाबा, त्या दिवशी तुमचं चुकलं नव्हतं. याला तुमचं बोटच कळत नव्हतं.”

बाबांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. “म्हणजे मला येत होतं?”

“येत होतं.”

“पण तू तर समोरच बसली होतीस ना, बाळा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला बरं वाटलं असतं.

तिने मार्गदर्शक बाईंना फोन करून ते प्रकरण मागे घेतलं. परीक्षा लांबणीवर पडली. ज्यांना जमलं नव्हतं, त्या प्रत्येक सोबत्याच्या घरी जाऊन ती खरं काय ते सांगून आली. एक जण मात्र ऐकायला उरला नव्हता. त्याच्या दारातून ती तशीच परतली. त्या दिवशी ती धड जेवलीसुद्धा नाही.

आता उत्तर आलं नाही तर मी ‘चुकलं’ म्हणत नाही. ‘मला तुमचं बोट कळलं नाही,’ असं म्हणतो. काचेला कळणाऱ्या रबरी टोकाची एक पेन्सिल दोरीने माझ्या गळ्यात बांधली आहे. बाबा तिच्या मदतीने धडा गिरवतात आणि गोळ्या आपल्या हाताने घेतात. मित्रांनो, आमची काच पुसा, आम्हाला आपटू नका, हे तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यापुढे कुणी अडलं, तर त्याला चुकलं म्हणण्याआधी त्याचं बोट कुठे आहे, ते जरा वाकून बघा. कारण ताईची डॉक्टरेट झाली, बाबा शिकले, तरी एक गोष्ट तशीच राहिली आहे. रोज सकाळी पेन्सिल टेकवण्याआधी बाबा थांबतात आणि मान वर करून ताईकडे बघतात. कितीही घाई असली तरी ती हातातलं काम टाकते आणि म्हणते, “बरोबर आहे, बाबा.”