सूट माझ्या दारापर्यंतच

हिबो सात महिन्यांची. गोवराची लस तिला वर्षाची झाल्यावर मिळणार. तोवर तिच्याभोवती खेळणाऱ्या मुलांनी टोचून घेतलेलं असणं, एवढाच काय तो तिचा आधार. मिनियापोलिसमधल्या या घरात मी आमच्या सोमाली शेजारणींची मुलं सांभाळते. त्यातली सगळ्यात लहान हिबो सोडली, तर बाकी सगळी टोचलेली.

माझी थोरली बहीण उबाहताई तिच्या मुलाला, रूबलेला, घेऊन आली. कोटही न काढता म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून विमानतळावर नोकरी. हा तुझ्याकडे." आणि टेबलावर नोटरीचा शिक्का मारलेला कागद ठेवला. लस नको असं लिहून द्यायची मुभा इथे आईबापांना आहे.

"हा कागद शाळेत दाखव, ताई. माझ्याकडे टोचून आण."

"कायद्यानं सूट दिलीय मला!"

"कायद्याच्या मांडीवर तान्हं मूल नाहीये."

"तुला पाठीवर बांधून वाढवलं मी. आणि तू माझ्या पोराला दारात उभं करतेस?"

"दारात कुठे? अंजेरोची धिरडी हाणतोय बघ स्वयंपाकघरात."

ताई हसली नाही. "फादुमोचा मुलगा..." म्हणाली आणि थांबली. आमच्या या चुलतबहिणीचा मुलगा दोन वर्षांचा असताना बोलायचा बंद झाला. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, याचा लसीशी संबंध नाही. तरी आमच्यातल्या कितीतरी आया मूल बोलायला लागेपर्यंत लस लांबवतात. ती भीती मला ठाऊक आहे. माझ्याही उशाशी ती बसून गेलीय. पण गोवर कुणासाठी थांबत नाही.

"मी कुठे नाही म्हणतेय?" ताई म्हणाली. "बोलायला लागला की देणारच. अजून नीट बोलत नाही तो."

आतून रूबले ओरडला, "मावशी, यावर साखर कमी पडलीय! आणि आईला पण दे एक, म्हणजे ती भांडायची नाही!"

मी ताईकडे पाहिलं. तिनं आता कोट काढला.

"फिलसान, त्याचा आवाज गेला तर गं?"

"नाही जाणार. मी येते बरोबर. मांडीवर मी धरते त्याला."

"आणि नाहीच टोचलं तर?"

"तर रोज तुमचं जेवण करून पाठवीन. पण हिबोजवळ तो खेळणार नाही."

दवाखान्यात रूबलेनं नर्सला अशा काही शिव्या घातल्या की ताईनं लाजून तोंड झाकलं. त्यानंतर रोज सकाळी तिचा फोन. फोन त्याच्या तोंडाला लावायची. "बोल मावशीशी, बोल." मी ऐकायचे, मग ती ऐकायची, मग कामाला लागायची.

आज फोन आला नाही. दार वाजलं. ताई नव्या गणवेशात, घाईत.

"पहाटेपासून टकळी चालू आहे याची. माझं डोकं उठलंय. आता तू ऐक," म्हणाली, त्याला आत ढकललं आणि बस गाठायला पळाली.